लोखंडाचं वय, कागदाचं वय



गेल्या महिन्यातल्या एका शब्बाथला वॉटरलू स्ट्रीटवरच्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये किद्दूश आटोपलं आणि आमचा भाचा हळूच आमच्या कानाशी लागला. "मामा, एक जीप बघून ठेवलीय. उद्या याल का बरोबर?"

आम्ही म्हटलं, "अरे, आज शब्बाथ. व्यवहाराची बोलणी आज नकोत."

"बोलणी कुठं करतोय? नुसतं याल का एवढंच विचारतोय."

आता यावर काय बोलणार? रविवारी सकाळी आम्ही त्याच्याबरोबर उबीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात हजर झालो. एक जीप बघायला म्हणून गेलो आणि तीन आठवड्यांत तीन बघून आलो. त्यातून जे कळलं ते या वेळच्या सदरात मांडतो. नोकरीनिमित्त सिंगापुरात येणाऱ्या आपल्या मुलांच्या ते उपयोगी पडेल. इस्रायलातल्या आणि ठाण्या-मुंबईतल्या वाचकांची निदान करमणूक होईल.

आधी 'जीप' या शब्दाबद्दल. आपल्याकडे चारही चाकांना जोर लागणाऱ्या प्रत्येक गाडीला जीपच म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. त्याला कारणही आहे. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपगाड्या जोडायला सुरुवात केली आणि तेव्हापासून तो शब्द आपल्या तोंडात बसला. आमच्या भाच्याच्या मनात मात्र भरली होती ती मारुती जिप्सी. लहानपणी अलिबागला आजोळी यायचा तेव्हा पोलिसांची जिप्सी दिसली की जेवण टाकून धावायचा. ती जिप्सी १९८५ साली आली आणि पुढे तीसहून जास्त वर्षं चालली. जपानी सुझुकीची 'जिम्नी' नावाची जी छोटी जंगलगाडी १९७० पासून निघते, तिच्याच एका पिढीची लांब केलेली बहीण म्हणजे आपली जिप्सी. सिंगापुरात जिप्सी मिळत नाही, पण जिम्नी मिळते. तेव्हा भाच्याचं मन जिम्नीवर बसलं यात नवल नाही.

त्याच रात्री अश्दोदहून आमच्या बहिणीचा फोन. "दादा, पोरगं जीप घेतंय म्हणे. त्याला आवर. सूनबाईला सातवा महिना लागलाय, आणि यानं पाच वर्षांत पोटाला चिमटा घेऊन सत्तर हजार डॉलर साठवलेत. ते सगळे पत्र्यात घालणार का?" मग थोडं थांबून, "आणि कितवी याद आहे ती गाडी?"

इस्रायलात जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न हाच असतो. याद म्हणजे हात. पहिल्या हाताची गाडी, दुसऱ्या हाताची, तिसऱ्या हाताची, तशी किंमत उतरत जाते. आपल्या मुंबईत पहिला प्रश्न 'मॉडेल कितीचं?' खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर आरटीओकडे दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. दोन्हीकडे हिशेब गाडीच्या वयाचा आणि वापराचा. सिंगापुरात आणखी एक वय मोजावं लागतं, आणि तेच सगळ्यात महाग. आम्ही बहिणीला म्हटलं, "इथं हात मोजत नाहीत गं, दिवस मोजतात."

ते असं. सिंगापूर हे ७३५ चौरस किलोमीटरच्या आसपासचं बेट. रस्ते गाड्यांनी भरून जाऊ नयेत म्हणून सरकारनं मे १९९० पासून गाड्यांवर कोटा लावला. गाडी रस्त्यावर आणायची तर आधी 'सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट' घ्यायचं. इथले लोक त्याला सीओई म्हणतात. महिन्यातून दोनदा त्याचा लिलाव होतो. हे सर्टिफिकेट १० वर्षांचं. ती संपली की गाडी मोडीत काढायची किंवा देशाबाहेर पाठवायची. नाहीतर मागच्या तीन महिन्यांच्या भावाची सरासरी भरून आणखी १० वर्षं घ्यायची. निम्मी रक्कम भरून ५ वर्षंही मिळतात, पण ५ वर्षं घेतली तर ती शेवटची. त्यानंतर पुन्हा वाढवून मिळत नाही. १० घेतली तर पुढे पुन्हा वाढवता येतात.

या कागदाचा भाव किती वरखाली होतो पहा. नोव्हेंबर २००८ मध्ये, जगभर मंदी आली तेव्हा, लहान गाड्यांचं सर्टिफिकेट २ डॉलरला गेलं होतं. दोन हजार नव्हे, दोन. कॉफीच्या पेल्याला जास्त पडतात. तेच ऑक्टोबर २०२३ मध्ये १ लाख ६ हजार डॉलरवर पोचलं. गाडी तीच, इंजिन तेच, रस्ताही तोच. म्हणजे सिंगापुरात गाडीला दोन वयं असतात, एक लोखंडाचं आणि एक कागदाचं. जुनी गाडी घेणारा माणूस लोखंडाकडे बघत बसतो आणि पैसे मात्र कागदाचे मोजतो.

आता भाच्यासमोरच्या तीन गाड्या.

पहिली नोव्हेंबर २००८ ला नोंदलेली. जिम्नीची जी तिसरी पिढी १९९८ साली निघाली, त्यातली गोल चेहऱ्याची. २०१८ साली मालकानं सुमारे ३० हजार भरून सर्टिफिकेट १० वर्षांनी वाढवून घेतलेलं, म्हणजे ते नोव्हेंबर २०२८ पर्यंत. मागणी ३३ हजार डॉलर.

दुसरी मार्च २०१५ ची. पिढी तीच. २०२५ मध्ये सुमारे ४७ हजार भरून सर्टिफिकेट ५ वर्षांनी वाढवलेलं, मार्च २०३० पर्यंत. त्यानंतर सक्तीनं मोडीत. मागणी ५४ हजार.

तिसरी ऑगस्ट २०१९ ची. २०१८ च्या जुलैत जपानात जी चौथी पिढी आली ती, चौकोनी, थेट जिप्सीची आठवण करून देणारी. पहिलंच सर्टिफिकेट, ऑगस्ट २०२९ पर्यंत. मागणी ६६ हजार. भाच्याचा जीव अर्थातच हिच्यात अडकलेला. तो तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालून आला तेव्हाच आम्ही समजलो.

आमचं मत पहिल्या गाडीकडे झुकलं, आणि त्याचं कारण सांगितलं पाहिजे. पहिली आणि दुसरी यांच्या नोंदणीत सहा वर्षं चार महिन्यांचं अंतर आहे. पण बॉनेट उघडून पाहिलं तर दोन्हींत तेच १३२८ सीसीचं पेट्रोल इंजिन, तोच चार गिअरचा ऑटोमॅटिक, तीच शिडीसारखी चासी, पुढे-मागे तेच सलग अ‍ॅक्सल. या पिढीत खरे बदल आधीच होऊन गेले होते. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंग बेल्टचं इंजिन होतं, मग टायमिंग चेनचं आलं. २००५ च्या सुमारास आतला डॅशबोर्ड बदलला आणि फोर बाय फोरसाठी दांडा जाऊन बटणं आली. २०१२ नंतर पुढचा बंपर आणि बॉनेट बदललं, म्हणजे मुख्यतः चेहरा. तेव्हा कुणी '२०१५ चं मॉडेल आहे साहेब' म्हणून २००८ पेक्षा फार वेगळी गाडी असल्यासारखं सांगू लागला, तर हसून मान डोलवावी. फरक आहे तो झिजेत. मॉडेलचा म्हणावा असा थोडाच.

तिसरी मात्र खरोखर वेगळी. इंजिन १४६२ सीसीचं, ताकद १०२ अश्वशक्ती, म्हणजे जुनीपेक्षा वीसेक टक्क्यांनी जास्त. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे जोर देणारी यंत्रणा आहे. गंमत म्हणजे बटणं जाऊन फोर बाय फोरचा दांडा परत आला. पण चाकांमधलं अंतर जुन्याइतकंच, २२५० मिलिमीटर. म्हणजे मागची सीट काही ऐसपैस झालेली नाही. मागच्या सीटा उभ्या असताना डिकीत जागा ८५ लिटर. एक बाजारहाटाची पिशवी आणि एक छत्री. युरोपातल्या २०१८ च्या सुरक्षा-चाचणीत हिला पाचपैकी तीन तारे मिळाले. जुन्यांपेक्षा सुरक्षित खरी, पण फार मोठी मजल नव्हे.

आता लोखंड तपासायचं कसं ते. हे कुठल्याही जुन्या जीपला थोड्याफार फरकानं लागू आहे, म्हणून विस्तारानं लिहितो.

पहिलं, थंड इंजिन. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी पहिल्यांदा चालू करताना चेनचा खडखडाट दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर कान टवकारावेत.

दुसरं, पुढचा अ‍ॅक्सल. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत पुढची चाकं ज्या खिळ्यांवर वळतात त्यांची बेअरिंगं वयानं झिजतात. मग ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. पहिली गाडी आम्ही एक्स्प्रेसवेवर नेली. साठपर्यंत गाय. सत्तरला स्टिअरिंग असं हलू लागलं की भाच्याच्या हातातलं घड्याळ वाजू लागलं. विक्रेता म्हणाला, टायर बॅलन्स करा, जाईल. टायर बॅलन्सनं कधीकधी जातंही. पण चाक वर उचलून वरखाली हलवून पाहिलं तर खेळ हाताला लागत होता. दुरुस्ती होण्यासारखी आहे. खर्च दीड-दोन हजारांचा.

तिसरं, फोर बाय फोर खरंच लागतं का. या गाड्यांत मधला डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळायचं नाही. सगळ्या सांध्यांवर ताण येतो. खडी नाहीतर ओलं गवत बघून तिथं लावायचं आणि दिवा स्थिर लागतो का ते पाहायचं. दुसऱ्या गाडीचा विक्रेता मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आधीच्या मालकानं फोर बाय फोर एकदाही वापरलेलं नाही!" त्याला वाटलं ही स्तुती. आम्ही बटण दाबलं तर दिवा नुसता उघडमीट करत राहिला. या पिढीत पुढच्या चाकांचे हब हवेच्या ओढीनं जोडले जातात, आणि त्या हवेच्या रबरी नळ्या इथल्या उष्म्यात पडून पडून तडकलेल्या. वापरल्यानं जेवढं झिजतं तेवढंच न वापरल्यानं आखडतं. आमच्या गुडघ्यांचीही तीच तक्रार आहे. सुदैवानं नळ्या स्वस्त. त्यावर भाच्यानं किमतीतून आठशे डॉलर कमी करून घेतले.

चौथं, गंज. पायाखालचा गालिचा उचलायचा, दारांच्या खालची पट्टी टोचून पाहायची. कुणी समुद्राच्या पाण्यात घालून फोटो काढले असतील तर ते तिथं दिसतं.

पाचवं, दिवे. चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागले पाहिजेत. गाडी घसरू न देणारी स्थिरता-यंत्रणा आहे का, एअरबॅग शाबूत आहेत का, हे विक्रेत्याच्या तोंडापेक्षा त्या दिव्यांना विचारावं. दुसऱ्या गाडीत एबीएसचा दिवा लागला, स्थिरता-यंत्रणेचा नाही. म्हणजे ती नाही. तिसरीत होती.

सहावं, आधीच्या मालकाची हौस. उंची वाढवलेली, चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली जीप दिसायला रांगडी दिसते, पण इथल्या तपासणीत नापास होते. १० वर्षांवरच्या गाडीची तपासणी दर वर्षी असते, त्याआधी तिसऱ्या वर्षापासून दोन वर्षांनी एकदा. हे सगळं करूनही शंका उरली तर सरळ पैसे भरून तपासणी केंद्रात गाडी उचलून बघून घ्यावी. ते पैसे वाया जात नाहीत.

एका गोष्टीला मात्र उगाच घाबरू नये. लोक म्हणतात, जुन्या गाडीला रोड टॅक्स फार. १० वर्षांनंतर दर वर्षी १० टक्के अधिभार वाढत जातो हे खरं, पण तो ५० टक्क्यांवर थांबतो. या १३२८ सीसीला मूळ कर वर्षाला सुमारे ५८३ डॉलर, पूर्ण अधिभारासह सुमारे ८७५. तीनशेच्या आत डॉलरचा फरक. कागदाच्या हजारांपुढे ही चिल्लर.

आता पैशांचा हिशेब. इथं दलाल लोक एकच आकडा तोंडावर फेकतात, वर्षाची घट. किमतीतून शेवटी हाती येणारी रक्कम वजा करायची आणि उरलेल्या वर्षांनी भागायचं. पहिलीला पावणेतीन वर्षं उरलेली, शेवटी हाती शून्य. ३३ हजार भागिले पावणेतीन, वर्षाला १२ हजार. दुसरीला ४ वर्षं, शेवटी शून्य, वर्षाला साडेतेरा हजार. तिसरीचं सर्टिफिकेट पहिलंच असल्यानं १० वर्षं भरायच्या आत मोडीत दिली तर नोंदणी-करातला अर्धा भाग, सुमारे १० हजार, परत मिळतो. ६६ तून १० गेले ५६, भागिले साडेतीन, वर्षाला १६ हजार.

आम्ही विजयी मुद्रेनं म्हटलं, "पहिली घे. पुढचा अ‍ॅक्सल दुरुस्त कर. तुझा कामाचा पास २०२८ पर्यंत, गाडीचा कागदही २०२८ पर्यंत. दोन्ही बरोबर संपतील. आणि सत्तरातले पस्तीस तरी बँकेत राहतील."

भाचा गप्प. त्याचा डोळा अजून चौकोनी गाडीवर. इतका वेळ सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या सूनबाईंनी मात्र विचारलं, "मामा, एक विचारू? हा हिशेब सगळं सुरळीत गेलं तरचा ना? मध्येच यांची नोकरी गेली तर?"

प्रश्न ऐकून आम्ही जरा चपापलो. कारण बाहेरच्या देशात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो असतो आणि कुणी बोलत नाही. इथं नोकरी सुटली की पास रद्द होतो आणि सामान्यतः ३० दिवसांत आवरावं लागतं. घर, सामान, बँक, आणि गाडीसुद्धा. घाईत विकणाऱ्याला बाजार ओळखतो. भाच्याच्या कंपनीत नुकतीच एक तुकडी कमी केलेली, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानं आईला सांगितलेलं नव्हतं. आता ती हे वाचणार, पण सूनबाईंनी परवानगी दिली आहे.

सूनबाई हिशेबनीस. त्यांनी कागद-पेन्सिल घेतलं. "बाजारात कुणीच घेतली नाही असं धरू. गाडी मोडीत दिली तर सरकार काय परत देतं?"

उत्तर असं की सर्टिफिकेटचे न वापरलेले दिवस सरकार विकत परत घेतं, जितके पैसे भरले असतील त्या प्रमाणात. पहिलीचे ३० हजारांतले पावणेतीन दशांश, म्हणजे सव्वाआठ हजार. दुसरीचे ४७ हजारांतले चार पंचमांश, म्हणजे साडेसदतीस हजारांच्या वर. तिसरीचे सर्टिफिकेटाचे साडेदहा आणि आज मोडली तर कराचे १३, मिळून साडेतेवीस हजार.

मग त्यांनी मागणीतून ही रक्कम वजा केली. पहिलीत बुडणारे पावणेपंचवीस हजार. दुसरीत साडेसोळाच्या आत. तिसरीत साडेबेचाळीस.

आम्ही कागद उलटसुलट करून पाहिला. सगळ्यात कमी किमतीची गाडी सगळ्यात सुरक्षित, ही आमची समजूत चुकीची निघाली. पहिलीच्या ३३ हजारांत कागद थोडा आणि लोखंड फार. दुसरीच्या ५४ हजारांत बहुतेक सगळा कागदच, आणि कागद सरकारकडे परत वटतो. लोखंड वटत नाही.

अर्थात हे कायमचं खरं नाही. पहिलीचा कागद स्वस्त, म्हणून दर वर्षी तीनच हजार झिजतो. दुसरीचा महाग, त्याचे वर्षाला नऊ हजार चारशे जातात. सूनबाईंनी तेही मांडलं. साधारण सव्वा वर्षापर्यंत काही बिनसलं तर दुसरीत कमी बुडतील. त्यापुढे पहिलीत कमी. आणि सगळं सुरळीत जाऊन २०२८ च्या अखेरीस दुसरी मोडीत दिली, तर पहिलीपेक्षा आठ-साडेआठ हजार जास्त गेलेले असतील. अ‍ॅक्सलचा खर्च धरला तर थोडे कमी, आणि मोडीऐवजी विकली तर आणखी कमी.

"मग पहिलीच नाही का बरी?" आम्ही आपलं घोडं पुढे दामटलं.

"मामा, पुढचं सव्वा वर्षच तर अवघड आहे," त्या म्हणाल्या. "बाळ येणार, कंपनीचं काय ते ठरणार. त्यानंतर बिनसलं तर सोसू. आधी बिनसलं तर नको. ते साताठ हजार म्हणजे विम्याचा हप्ता समजू."

आम्ही आयुष्यभर हिशेब केले, पण नोकरी कधी जाईल ती तारीख हिशेबात धरायची, हे आम्हाला सुचलं नसतं.

राहिला बाळाचा प्रश्न, आणि तिथं आम्ही स्पष्ट बोललो. सुरक्षेचा विचार केला तर तिसरीच चांगली. जुन्या पिढीची गाडी शंभरच्या वेगाला गोंगाट करते, वाऱ्यानं डुलते, आणि स्थिरता-यंत्रणा नाही. यावर त्या दोघांनी एक ठराव केला. ही गाडी शहरातली आणि भाच्याच्या रविवारची. बाळाला घेऊन मलेशियाच्या मोठ्या हायवेवर हिच्यातून जायचं नाही. तेव्हा मोठी गाडी भाड्यानं घ्यायची. आणि पैसे देण्याआधी बाळाची खुर्ची दुकानातून मागून आणून मागच्या सीटवर बसवून पाहायची. इथं १ मीटर ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तशी खुर्ची लागतेच. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट पाडून, वाकून, खुर्ची आत घालताना भाचा दोनदा डोकं आपटून घेता झाला. पण बसली.

आता तुम्ही म्हणाल, सिंगापुरात जंगल कुठं? खरं आहे. सगळ्यात उंच डोंगर बुकित तिमा, १६३ मीटरचा, आणि त्याच्या माथ्यापर्यंतही डांबर. राखीव जंगलात गाडी नेऊ देत नाहीत. ज्यांना चिखल हवा ते कॉजवे ओलांडून जोहोरला जातात. त्यासाठी सिंगापूर सोडताना पेट्रोलची टाकी तीन-चतुर्थांश भरलेली लागते. जिम्नीच्या ४० लिटरच्या टाकीत ३० लिटर. मलेशियाचा प्रवेश-परवाना गाडीला लावून घ्यावा लागतो, १ जुलै २०२५ पासून नसेल तर दंड होतो. आणि तिथलं स्वस्त सरकारी पेट्रोल परक्या नंबरच्या गाडीला नाही. एवढं सगळं करून माणूस चिखलात जातो कशाला, हे आम्हाला विचारू नका. अलिबागला पोलिसांच्या जिप्सीमागे धावणाऱ्या पोराला विचारा.

सौदा ५३ हजार २०० ला ठरला. रबरी नळ्या बदलल्या, दिवा आता स्थिर लागतो. बँकेत सोळा-सतरा हजार उरले.

शेवटी भाच्यानं एक हिशेब आमच्यापुढे टाकला. "मामा, वर्षाला साडेतेरा हजार म्हणजे दिवसाला ३७ डॉलर. शनिवारी गाडी आपण काढत नाही. वर्षाचे ५२ शनिवार. १९०० डॉलरच्या वर नुसते उभ्या गाडीचे गेले की!"

आम्ही त्याला म्हटलं, "बाबा रे, कोकणात आपल्या वाडवडिलांना शनवार तेली का म्हणत? शनिवारी घाणा बंद. बैलाला वैरण मात्र शनिवारीही घालावीच लागे. त्यांनी कधी त्या वैरणीचा हिशेब मांडला नाही."

अश्दोदला फोन केला तेव्हा बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. नोकरीचं ऐकून थोडी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे कितवी याद ते सांगितलंच नाहीस."

"तिसरी," आम्ही म्हटलं.

"पोरीला माझा आशीर्वाद सांग," ती म्हणाली. "आणि पोराला सांग, सावकाश चालव."

असो. पुढच्या अंकात भेटू.